कॅमेऱ्याने पाठवलेलं चलान: मुंबईत हरकत घ्यायची तर कशी, कुठे आणि कधी

चलान चुकीचं आहे असं वाटत असेल तर पहिलं काम म्हणजे पैसे न भरणं. ‘आधी भरून टाका, तक्रार नंतर करू’ असं सांगणारे हितचिंतक प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं ऐकलंत की प्रकरण तिथेच मिटतं, आणि तुमच्या विरोधात मिटतं. आपण ऑनलाइन भरतो तो न्यायालयाने ठोठावलेला दंड नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालचं ते तडजोड शुल्क असतं: गुन्हा मान्य, पैसे घ्या, खटला नको. एकदा तडजोड झाली की पुढची कारवाई थांबते आणि हरकत घ्यायची वाटही बंद होते.

पैसे न भरता स्वस्थ बसणं मात्र तितकंच महागात पडतं. मुंबईत तसे लोक कमी नाहीत. गाडी विकायला काढली, आरटीओत नाव बदलायला गेले, की चार वर्षांची चलानं एकदम समोर येतात. तोवर ना फोटो आठवतो, ना त्या दिवशी गाडी कुठे होती ते. हरकत घ्यायची तर ती मेसेज आल्याच्या आठवड्यातच घ्यायला हवी.

हा लेख खरोखर चुकलेल्या चलानांसाठी आहे. सिग्नल तोडला असेल, हेल्मेट घरी राहिलं असेल, तर पैसे भरा आणि हा लेख सोडून द्या. कायद्यातल्या पळवाटा शोधत कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात पाचशे रुपयांपेक्षा जास्त खर्च होतो.

आधी मेसेज खरा आहे का ते बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुमचं चलान’ म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली असेल तर ती उघडू नका. वाहतूक पोलिस चलान बघायला कुणाला ॲप डाउनलोड करायला लावत नाहीत. ती फाइल तुमच्या फोनमधले ओटीपी वाचण्यासाठी असते. मेसेजमधल्या लिंकवरही जाऊ नका. ब्राउझरमध्ये स्वतः mahatrafficechallan.gov.in (महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन) असं टाइप करा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे भरा. चलान खरं असेल तर तिथे दिसेल. दिसलं नाही तर केंद्राच्या परिवहन ई-चलान पोर्टलवर एकदा तपासा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

फोटो नीट वाचा

निम्म्याहून जास्त वाद इथेच सुटतात, म्हणून घाई करू नका. पोर्टलवर चलान क्रमांकासमोर फोटो असतो. तो मोबाईलवर नाही, जमलं तर कॉम्प्युटरवर मोठा करून बघा आणि डाउनलोड करून ठेवा. पुढे तो पोर्टलवर दिसेलच याचा भरवसा धरू नका. मग खालच्या गोष्टी एकेक करून ताडून बघा.

नंबर प्लेट पूर्ण वाचता येते का? कॅमेरा नंबर वाचतो तेव्हा ८ आणि बी, ० आणि डी यांत गोंधळ होतो. पावसाळ्यात चिखलाने ‘ई’ची खालची रेघ झाकली की ‘एफ’ दिसतो. प्लेटवरचा स्क्रू आकड्याच्या मधोमध बसला असेल तर तो आकडाच बदलतो. गाडीचा रंग, मॉडेल, स्टिकर, बंपरवरचा खरचटा, छतावरचं कॅरिअर, सगळं आपल्या गाडीशी जुळतंय का ते बघा.

एक उदाहरण घेऊ. परळच्या एका काकांच्या स्कूटरवर वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान आलं. सेतूवर दुचाकीला मुळात बंदी आहे आणि काका सायन हॉस्पिटलच्या रांगेत उभे होते. पण अर्जात ‘मी तिथे नव्हतोच’ हे पहिलं वाक्य लिहिण्याची गरज नाही. फोटोत पांढरी चारचाकी आहे, आरसीवर दुचाकी आहे. एवढ्यावर काम होतं. हॉस्पिटलचा केसपेपर जोडा, पण तो दुसऱ्या क्रमांकावर.

सिग्नलच्या चलानात एकाच फोटोवर समाधान मानू नका. लाल दिवा लागलेला असताना गाडी थांबारेषेच्या मागे होती आणि नंतर पुढे गेली, हे दाखवायला किमान दोन क्षण लागतात. गाडी चौकाच्या मधोमध आणि वर लाल दिवा, एवढाच फोटो असेल तर ती पिवळ्यात शिरून पुढच्या कोंडीत अडकलेली असू शकते. दादर टीटीच्या संध्याकाळी असं रोज घडतं. शिवाय आपल्याकडे हवालदार हात करून लाल सिग्नललाही गाड्या सोडतो. गणवेशातल्या पोलिसाचा इशारा मानणं तुमचं कर्तव्यच आहे. असं झालं असेल तर अर्जात वेळ लिहून त्या मिनिटाचं चित्रीकरण तपासण्याची मागणी करा.

थांबारेषेचं चलान वेगळं आणि सिग्नल तोडल्याचं वेगळं. रेषा ओलांडल्याचं चलान असेल तर रस्त्यावर रेषा होती का, हे दुसऱ्याच दिवशी जाऊन बघा. जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी चौकांतले झेब्रा आणि रेषा पुसून गेलेल्या असतात. तारीख-वेळ उमटेल असा फोटो काढून ठेवा, कारण गणपतीच्या आधी पालिका रंग मारते आणि तुमचा पुरावा जातो.

चलानावरचं कलम बघायला विसरू नका

एकाच कृत्याला कायद्यात दोन वेगवेगळी कलमं लागू शकतात आणि फरक मोठा असतो. कलम १७७ म्हणजे सर्वसाधारण दंड, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि नंतर १५०० पर्यंत. कलम १८४ म्हणजे धोकादायक वाहन चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं, हातात फोन धरून बोलणं, उलट दिशेने चालवणं हेही, धोकादायक रीतीने केलं तर, त्यात येऊ शकतं. तिथे तुरुंगवासाचीही तरतूद आहे. चलान १८४ खाली असेल तर पाचशे रुपयांच्या मनःस्थितीत राहू नका, वकिलाला एकदा दाखवाच.

१५०० रुपयांचं चलान आलं असेल तर ‘दुसरा किंवा त्यानंतरचा गुन्हा’ कशाच्या आधारावर धरला ते विचारा. पहिलं चलानच वादात असेल किंवा ते तुमच्या गाडीचं नसेल तर दुसऱ्याची वाढीव रक्कम टिकत नाही. दोन्हींवर एकत्र हरकत घ्या.

कॅमेऱ्याच्या चलानाला नियमांचं काय बंधन आहे

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३६ अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ अ. कॅमेऱ्याने केलेल्या कारवाईचा पाया हाच. त्यात म्हटलंय की यंत्राला मान्यताप्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक लोकांना दिसेल असा लावलेला हवा. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राने मोजलेलं माप, तारीख-वेळ-ठिकाण, भंग झालेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवण्याची अटही त्याच नियमांत आली.

हे प्रमाणपत्र काय भानगड आहे? कॅमेऱ्यातला फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा. तो कोणत्या यंत्रातून, कसा निघाला, हे जबाबदार व्यक्तीने सही करून सांगायचं असतं. पूर्वी भारतीय पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आपल्याच जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे ते प्रकरण. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवरून झालेला तो वाद आज गाड्यांच्या चलानांनाही उपयोगी पडतो.

पण इथे एक सल्ला. पोर्टलवरच्या तक्रारीची सुरुवात ‘कलम ६३ चं प्रमाणपत्र नाही, म्हणून चलान बेकायदा’ अशी करू नका. तक्रार वाचणारा अंमलदार दिवसभर फोटो बघून हो-नाही ठरवत असतो. त्याला तुमची गाडी वेगळी आहे हे दाखवा, तो रद्द करेल. प्रमाणपत्राचा मुद्दा न्यायालयासाठी जपून ठेवा, अर्जाच्या शेवटी एका ओळीत नोंदवला की पुरे. १५ दिवसांचंही तेच. नोटीस उशिरा आली म्हणून चलान आपोआप रद्द होतं असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मुद्दा वजनदार आहे, रामबाण नाही.

हवालदाराने स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान केल्याची ओरड महाराष्ट्रात बरीच झाली. २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने परिपत्रक काढून खासगी फोनचा असा वापर करू नये असं बजावलं. फोटोवर यंत्राचा क्रमांक, ठिकाण, वेळ यांपैकी काहीच उमटलेलं नसेल तर तो कोणत्या यंत्रातून आला, हे जरूर विचारा.

पार्किंगचं चलान: बोर्ड कुणी लावला?

मुंबईत सगळ्यात जास्त डोकेदुखी याची, आणि सगळ्यात जास्त वाव पण इथेच.

सार्वजनिक रस्त्यावर नो पार्किंग ठरवण्याचा अधिकार सोसायटीला नाही, दुकानदाराला नाही. मुंबईत सहपोलिस आयुक्त (वाहतूक) यांच्या पातळीवर कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली अधिसूचना निघते आणि मग फलक लागतो. तेव्हा विचारायचे प्रश्न दोन: या पट्ट्यात नो पार्किंगची अधिसूचना आहे का, आणि फलक जागेवर दिसतो का? फलक झाडाच्या फांदीआड, बॅनरच्या मागे, किंवा मेट्रोच्या पत्र्यांच्या पलीकडे गेला असेल तर चालत जाऊन दोन्ही दिशांनी फोटो काढा. गाडी जिथे होती तिथून फलक दिसतो की नाही, हे एका चौकटीत आलं पाहिजे. नुसत्या फलकाचा क्लोजअप काही सिद्ध करत नाही.

पण फलक नव्हता म्हणून कुठेही गाडी लावता येते असं समजू नका. फुटपाथ, झेब्रा, बस थांबा, कोपरा, कुणाचं गेट, इथे फलक नसला तरी गाडी लावता येत नाही. सोसायटीने स्वतः रंगवलेल्या ‘नो पार्किंग, हवा सोडण्यात येईल’ या पाटीला कायद्यात किंमत शून्य, पण तुम्ही गेट अडवलं असेल तर अडथळ्याचं चलान योग्यच आहे.

फलक तरी नीट वाचा. एका तिरक्या लाल रेघेचा फलक म्हणजे गाडी लावायची नाही. फुलीचा फलक म्हणजे थांबायचंसुद्धा नाही. पहिल्या फलकाखाली तुम्ही आजीला डॉक्टरच्या दारात उतरवायला थांबलात, तुम्ही सीटवर आहात, ब्रेकलाइट पेटलेला आहे आणि फोटो एकच आहे, तर ते पार्किंग होतं हे पोलिसांनी दाखवायचं आहे. फोटोत ब्रेकलाइट किंवा इंडिकेटर दिसतोय का ते मुद्दाम बघा.

आता मुंबईची खासियत, पी-१ आणि पी-२. जुन्या शहराच्या कितीतरी गल्ल्यांत सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते. रात्री दहाला तुम्ही योग्य बाजूला लावलीत, बारा वाजले, तारीख बदलली आणि गाडी जागच्या जागी चुकीची ठरली. अशा चलानात वेळ रात्री बारानंतरची असेल तर फलकावर वेळेची मर्यादा लिहिली आहे का ते पाहा. काही फलकांवर वेळ असते आणि रात्री नियम लागू नसतो. फलकावर वेळ नसेल तर मात्र तांत्रिकदृष्ट्या पोलिसांचं बरोबर आहे. कळकळीची विनंती लिहून बघता येते, हक्काने नाही.

एकाच जागी, एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने दोन चलानं आली असतील तर ती दोन अंमलदारांनी किंवा कॅमेरा आणि हवालदार दोघांनी केलेली असतात. गाडी हललीच नाही, म्हणजे कृत्य एकच. दोन्ही चलान क्रमांक एकाच अर्जात लिहा, दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि एक रद्द करण्याची मागणी करा. ही तक्रार मान्य होण्याची शक्यता चांगली असते, कारण फोटोच बोलतात.

गाडी टो झाली असेल तर पावती नीट बघा. चलानाची रक्कम आणि ओढून नेण्याचं शुल्क वेगळं लिहिलेलं हवं. आणि पे अँड पार्कच्या ठेकेदाराच्या माणसाला चलान करण्याचा अधिकार नाही, तो फक्त ठरलेलं भाडं घेऊ शकतो.

वेगाचं चलान

इथे जागेची वेगमर्यादा आधी माहीत करून घ्या. कोस्टल रोडवर सरळ भागात ताशी ८० किलोमीटर, बोगद्यात ६० आणि चढ-उताराच्या वळणांवर ४० अशी मर्यादा आहे. ८० धरून बोगद्यात शिरलेले रोज सापडतात, त्यांचं काही करता येत नाही. अटल सेतूवर मोटारींना १००, पण रॅम्पवर ४०. मर्यादा बदलते त्या जागेच्या आधी फलक होता का आणि चलानात लिहिलेलं ठिकाण नेमकं कोणत्या भागातलं आहे, हा खरा मुद्दा. ‘कोस्टल रोड’ एवढंच लिहिलेलं ठिकाण पुरेसं नाही. दोन गाड्या एकाच चौकटीत असतील तर मोजलेला वेग कोणत्या गाडीचा, हाही प्रश्न रास्त आहे. यंत्राची तपासणी कधी झाली हे माहिती अधिकारात विचारता येतं. वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांसाठी केंद्राने २०२५ मध्ये वैधमापनशास्त्राच्या नियमांत वेगळी तरतूद आणली. म्हणजे तराजूवर जसा शिक्का लागतो तशी या यंत्रांचीही पडताळणी व्हायची आहे.

गाडी माझी नाहीच, किंवा आता माझी राहिलेली नाही

जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्यात ताज हॉटेलच्या परिसरात एकाच नंबरच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या. खऱ्या मालकाला तो कधी न गेलेल्या ठिकाणांची चलानं येत होती, म्हणून तो आधीच वैतागलेला होता. दुसऱ्या गाडीवाल्याने कर्जाचे हप्ते थकल्यावर वसुलीवाल्यांना चुकवायला प्लेटवरचा एक आकडा बदलला होता. ३ चा ८ करायला काळ्या पट्टीचा तुकडा पुरतो.

तुमच्यासारखीच गाडी, तुमचाच नंबर आणि जागा अनोळखी, असं दिसलं तर पोर्टलवरच्या तक्रारीवर थांबू नका. स्थानिक पोलिस ठाण्यात बनावट नंबर प्लेटची लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ती गाडी उद्या अपघातात किंवा गुन्ह्यात वापरली गेली तर तुमच्या दारात पोलिस येण्याआधी ही पोच तुमच्या हातात असली पाहिजे.

विकलेल्या गाडीचं चलान आलं तर बाजू जरा कच्ची असते. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटकडे दिले, पैसे घेतले, एवढ्याने कायद्यात मालक बदलत नाही. वाहन नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या अपघात नुकसानभरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तरी डिलिव्हरी नोट, खरेदीदाराच्या आधारची प्रत, पैसे आल्याची बँकेची नोंद जोडून गाडी त्या दिवशी कुणाकडे होती हे कळवा. चालक कोण होता ते विचारल्यावर सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्यच आहे. भाच्याने गाडी नेली असेल तर त्याचं नाव सांगावं लागेल, आणि भाच्याकडे लायसन्स नसेल तर सांगण्याआधी वकिलाशी बोला.

पुरावा लगेच जमवा

सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रीकरण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरीकडे आजच अर्ज द्या. ऑफिसच्या पार्किंगची नोंद, पेट्रोल पंपाचं बिल, गॅरेजचं जॉबकार्ड, गुगल मॅप्सची टाइमलाइन चालते. फास्टॅगचं विवरण उत्तम पुरावा आहे. सागरी सेतू किंवा अटल सेतूवर गाडी गेलीच नाही तर टोलची नोंद नसणं बोलकं ठरतं. पण ऑक्टोबर २०२४ पासून दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. तेव्हा ‘गाडी मुंबईबाहेर होती’ हे दाखवायला आता पुढच्या टोलनाक्याची नोंद शोधावी लागते.

विमा संपल्याचं चलान चुकीने आलं असेल तर त्या तारखेला चालू असलेल्या पॉलिसीची प्रत पुरते. पीयूसीचंही तसंच.

तक्रार लिहिताना

पोर्टलवर तक्रारीचा विभाग आहे, तिथे चलान क्रमांक टाकून कारण आणि कागद जोडता येतात. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. काही दिवसांत हालचाल नसेल तर तोच अर्ज छापून वरळीच्या वाहतूक पोलिस मुख्यालयात किंवा ज्या वाहतूक विभागाने चलान केलं तिथे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. मेसेजमध्ये किंवा नोटिशीत जी मुदत लिहिली असेल तीच शेवटची समजा. नियम १६७ मधल्या मुदती केंद्र सरकार बदलत असतं, शेजाऱ्याच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

भाषा साधी ठेवा. अंमलदारांचा भ्रष्टाचार, खड्डे, रोड टॅक्स हे विषय अर्जात नकोत. नमुना असा:

*विषय: ई-चलान क्र. … रद्द करण्याबाबत.*
*महोदय, वरील चलान दि. … रोजी सकाळी ९.४२ वाजता सागरी सेतू येथे वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल माझ्या वाहनावर नोंदले आहे. (१) माझे वाहन दुचाकी स्कूटर आहे; चलानातील छायाचित्रात चारचाकी दिसते. (२) छायाचित्रातील नंबर प्लेटवरील मालिकेचे दुसरे अक्षर ‘ई’ आहे. चलानात ते ‘एफ’ असे नोंदले आहे. (३) सदर वेळी मी रुग्णालयात होतो. केसपेपर जोडला आहे. तरी चलान रद्द करावे व तसे लेखी कळवावे. मी कोणतेही तडजोड शुल्क भरलेले नाही व गुन्हा मान्य केलेला नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबाबतचा माझा हक्क राखून ठेवत आहे.*
*सोबत: आरसीची प्रत, चलानातील छायाचित्र, वाहनाचे छायाचित्र, केसपेपर.*

स्वतःच्या गाडीचा फोटो चलानातल्या फोटोच्याच कोनातून काढा. मागून तर मागून, बाजूने तर बाजूने. वाचणाऱ्याला फरक एका नजरेत दिसला पाहिजे.

माहिती अधिकार: तक्रारीला जोड

तक्रार टाकल्यावर लगेच, निकालाची वाट न बघता, माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून निबंध नको. मागायचं ते असं: त्या रस्त्यावरच्या नो पार्किंग किंवा वेगमर्यादेच्या अधिसूचनेची प्रत; संबंधित यंत्राचं त्या तारखेला लागू असलेलं मान्यताप्रमाणपत्र; सूचनाफलक लावल्याची नोंद; चलानाची नोटीस पाठवल्याची तारीख; इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राची प्रत. ‘का’ विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, खुलासा नाही. उत्तर आलं नाही तर २० रुपयांत पहिलं अपील. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं तर हिरमुसू नका, न्यायालयात तोच कागद कामाला येतो.

तक्रार फेटाळली तर

‘तक्रार अमान्य’ एवढे दोनच शब्द येण्याची तयारी ठेवा. आता ठरवायचं. रक्कम ५०० आणि मुद्दा धूसर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, भरून टाका. रोजंदारी बुडवून तारखा करण्यात अर्थ नाही. पण कलम १८४ असेल, टॅक्सी-टेम्पोचा परवाना किंवा लायसन्स धोक्यात असेल, नंबर बनावट असेल किंवा एकाच जागेची चलानांची माळ लागली असेल, तर लढा.

प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर जातं तेव्हा समन्स किंवा नोटीस येते. व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन कोर्टाच्या संकेतस्थळावर आलं असेल तर तिथे दंड भरण्याचा आणि खटला लढवण्याचा असे दोन पर्याय असतात. घाईत पहिल्यावर बोट पडू देऊ नका. न्यायालयात ‘गुन्हा कबूल नाही’ एवढंच सांगायचं. मग पुरावा द्यायची जबाबदारी सरकार पक्षावर येते आणि प्रमाणपत्र, मान्यता, अधिसूचना हे जपून ठेवलेले मुद्दे इथे काढायचे. वकील सक्तीचा नाही, पण उलटतपासणी घ्यायची असेल तर असलेला बरा.

लोकअदालतीची नोटीस अनेकांना येते आणि लोक तिथे भांडायला जातात. लोकअदालत गुन्हा झाला की नाही ते ठरवत नाही. ती तडजोडीची जागा आहे आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. चूक आपली आहे, चलानं साठली आहेत आणि एकदाचं निपटायचं आहे, त्यांनी जरूर जावं. चलानच चुकीचं असेल तर ‘तडजोड मान्य नाही’ सांगून परत यावं, न जाण्याने शिक्षा होत नाही.

‘सहा महिन्यांनी चलान आपोआप रद्द’ हा फॉरवर्ड दर दिवाळीला फिरतो. त्यात अर्धं सत्य आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेच कलम ४६८ होतं. मुदत मोजताना तक्रार दाखल झाल्याची तारीख बघितली जाते. कलम १८४ सारख्या, वर्षभरापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला मुदत एक वर्षाची. योग्य कारण असेल तर न्यायालय उशीर माफही करू शकतं. हा बचाव न्यायालयात मांडायचा असतो. पोर्टलवरचा आकडा त्याने पुसला जात नाही आणि आरटीओतली अडवणूकही आपोआप सुटत नाही.

नाक्यावर हवालदाराने जुनी चलानं दाखवून ‘आत्ता भरा’ म्हटलं तर तक्रारीची पोच दाखवा आणि वादग्रस्त चलान सोडून बाकीचं भरायची तयारी दाखवा. आवाज चढवू नका, रस्त्यावर कायदा सांगून कुणी जिंकत नाही.

चलान रद्द झाल्याचा मेसेज आला तरी आठवड्याने दोन्ही पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. राज्याच्या यादीतून गेलेलं चलान वाहन नोंदणीच्या खात्यावर राहून गेल्याचे प्रकार होतात, आणि ते कळतं गाडी विकायच्या दिवशी. रद्द झाल्याचं पान छापून आरसीच्या पाकिटात ठेवा.